नवी प्रजाती सापडली असं वाटतंय? मग पुढचं काम असं करा

मी कोळ्यांच्या वर्गीकरणावर काम करते. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत एक फोटो असतो आणि त्याखाली एकच प्रश्न, "ही नवी प्रजाती आहे का?" फोटो बहुधा सुरेख असतो. पण फोटो पाहून उत्तर देता येत नाही आणि दोन ओळींत कारणही सांगता येत नाही. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते आहे. कोळ्यांबद्दल जास्त बोलेन, कारण तेच माझ्या हाताखालून रोज जातात, पण वनस्पती आणि इतर प्राण्यांचे नियम कुठे वेगळे आहेत तेही सांगेन.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आपल्याला अनोळखी असलेला जीव विज्ञानाला अनोळखी असेलच असं नाही. बहुतेक वेळा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं चार ओळींत वर्णन करून ठेवलेलं असतं, तेही आता कुणी उघडत नाही अशा नियतकालिकात. त्यामुळे कामाचा मोठा भाग जंगलात होत नाही, टेबलावर होतो. आपला नमुना आधीच्या प्रत्येक नाव दिलेल्या प्रजातीपासून वेगळा आहे, हे एकेक करून दाखवावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे असं काहींना वाटतं. मला यातच खरा आनंद मिळतो.

आधी एक गट निवडा

"मला नवी प्रजाती शोधायची आहे" म्हणून सुरुवात केली तर काही हाती लागत नाही. एक गट धरा आणि त्यातल्या ज्ञात प्रजाती पाठ होईपर्यंत त्याच्याशी राहा. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक कोळी सूचीत पन्नास हजारावी प्रजाती नोंदली गेली. दक्षिण अमेरिकेतला तो एक उडी मारणारा कोळी, गुरियुरियस मिनुआनो. पन्नास हजार कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. एका कुळातला एखादा जीनस (अगदी जवळच्या प्रजातींचा गट), त्यातल्या वीस-तीस प्रजाती, एवढं मात्र कुणालाही जमतं. अशा छोट्या गटाशी पुरेसा वेळ घालवला की वेगळा नमुना भिंगाखाली आल्याबरोबर नजर अडते.

गट निवडताना काम कुठे उरलं आहे तेही पाहा. पक्ष्यांत वर्षाला मोजक्याच नव्या प्रजाती येतात. कीटक, कोळी, माइट, सूत्रकृमी, गोगलगायी, बुरशी यांच्यात मात्र अजून प्रचंड काम पडून आहे. बुरशींच्या वर्णन झालेल्या प्रजाती साधारण दीड लाख आहेत आणि २०१७ च्या एका गाजलेल्या अंदाजानुसार खरी संख्या २२ ते ३८ लाखांच्या घरात असावी. संवहनी (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पतींतसुद्धा दरवर्षी सुमारे दोन हजार नव्या प्रजातींना नाव मिळतं. सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी सांगते, की ज्या गटावर जगात एक-दोनच माणसं काम करत आहेत तो गट घ्या आणि त्या माणसांना पत्र लिहा. ते उत्तर देतात.

नमुना गोळा करताना

परवाना आधी, जाळं नंतर. नमुना ज्या देशातला, त्या देशाचा कायदा लागू. संरक्षित क्षेत्राची परवानगी वेगळी, नमुना सीमेपार नेण्याची वेगळी. २०१० मध्ये स्वीकारलेला आणि २०१४ पासून अमलात आलेला नागोया करारही लक्षात ठेवा. दुसऱ्या देशाच्या जैविक संपत्तीवर काम करायचं तर त्या देशाची संमती आणि लाभातला वाटा या दोन्ही गोष्टी त्यात येतात. परवान्याचा क्रमांक पुढे शोधनिबंधात छापावा लागतो. परवान्याशिवाय आणलेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी चांगलं नियतकालिक तो निबंध घेत नाही, आणि घेऊही नये.

जीव जिवंत असतानाच त्याचे फोटो काढा. अल्कोहोलमध्ये गेलेल्या कोळ्याचा हिरवा, पिवळा, लाल रंग टिकत नाही. उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या चेहऱ्यावरचे रंगीत खवले तर पटकन निघून जातात. फुलाचा रंग आणि वास, खोडाचा चीक, झाडाची उंची यातलं काहीही हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदावर दिसत नाही. तेव्हाच, तिथेच लिहून ठेवा.

नोंद किती कामी येते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन इथल्या संग्रहालयात काम करणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासेमारीच्या जहाजावर एक विचित्र मासा दिसला. एवढा मोठा मासा टिकवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. पेंढा भरून घेताना आतले अवयव गेले. पण त्यांनी माशाचं चित्र काढून, वर्णन लिहून माशांचे अभ्यासक जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवलं. खवले, मांसल बुडख्यांचे पर, शेपटीचा आगळा आकार हे सगळं त्या साध्या चित्रात होतं. त्यावरून स्मिथ यांनी ओळखलं की हा सीलाकँथ आहे, डायनोसॉरांबरोबरच नामशेष झाला असं मानलेला. १९३९ मध्ये त्याला लॅटिमेरिया चालुम्ने हे नाव मिळालं. चित्र सुबक नसलं तरी चालतं. काय बघायचं हे काढणाऱ्याला कळलेलं असावं लागतं.

लेबलाबद्दल मी हट्टी आहे. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, अधिवास, पद्धत (हाताने, जाळ्याने, पानगळ चाळून, खड्डा-सापळ्याने) एवढं हवंच. लेबल बाटलीच्या आत जायला हवं. बाहेर चिकटवलेलं लेबल आज ना उद्या गळून पडतं. पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने, आम्लरहित जाड कागदावर लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाटलीत एक निळसर पाणी व एक कोरा कागद उरतो. ठिकाण नसलेला नमुना टाइप म्हणून, म्हणजे ज्यावर प्रजातीचं नाव कायमचं टांगायचं तो नमुना म्हणून, जवळजवळ निरुपयोगी.

कोळी सत्तर ते ऐंशी टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. डीएनएसाठी एक-दोन पाय वेगळ्या छोट्या नळीत, पंचाण्णव टक्क्यांच्या वर तीव्रता असलेल्या इथेनॉलमध्ये आणि थंड जागी. फॉर्मॅलिनपासून लांब राहा, डीएनएची नासाडी होते. वनस्पतीचा नमुना दाबून वाळवायचा, पण फूल आणि फळ दोन्ही मिळतील असा प्रयत्न करा. नुसत्या पानांवर नवी प्रजाती उभी करणं फार थोड्या गटांत शक्य आहे. पानाचा एक तुकडा सिलिका जेलमध्ये ठेवला की तो झपाट्याने सुकतो आणि डीएनए टिकतो. एकाच झाडाच्या दोन-तीन फांद्या घेतल्या तर एक प्रत आपल्या हर्बेरियमला आणि बाकीच्या दुसऱ्या संस्थांना देता येतात. एका इमारतीला आग लागली तरी नमुना वाचतो.

किती घ्यावेत? शक्य असेल तर नर आणि मादी दोन्ही, आणि एकाहून अधिक, म्हणजे एकाच प्रजातीत किती फरक असतो ते समजतं. पण जिथे एकाच उतारावर दहा झाडं दिसतात तिथे मुळासकट उपटू नका. एक फांदी, भरपूर फोटो आणि मोजमापं पुरतात. कोळ्यांत आणखी एक अडचण असते. पिल्लू असेल तर ते कोणत्या प्रजातीचं ते बहुतेक वेळा सांगताच येत नाही, कारण ओळख पटवणारे अवयव शेवटच्या कातीनंतरच पूर्ण बनतात. जिवंत पिल्लू मिळालं तर मी त्याला वाढवते. खायला घालायचं, ओलावा राखायचा आणि वाट बघायची.

फोटोवरून काम होत नाही असं मी वर म्हटलं. पण फोटोवरून सुरुवात मात्र होऊ शकते. सेमाक्रायसा जेड नावाची जाळीदार पंखांची एक हिरवी माशी मलेशियातल्या एका छायाचित्रकाराने टिपून इंटरनेटवर टाकली होती. कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांच्या नजरेला ती पडली आणि पंखांवरची नक्षी ओळखीची नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी लगेच नाव दिलं नाही. छायाचित्रकाराला पुन्हा ती माशी मिळेपर्यंत थांबले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्येही तिचा एक नमुना पडून होता, तोही पाहिला. मग २०१२ मध्ये वर्णन छापलं. याउलट २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मार्लेइमाइया झायलोकोपे या माशीचं वर्णन निव्वळ छायाचित्रांवरून झालं आणि वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद पेटला. नियमांत ते बसत होतं. तरी माझं मत स्पष्ट आहे. भिंगाखाली पुन्हा तपासता येईल असा जीव संग्रहालयात नसेल, तर पुढच्या माणसाच्या शंकेला उत्तर द्यायला काहीच शिल्लक राहत नाही.

आता खरं काम, तुलना

या टप्प्यात घाई करू नका. आधी त्या जीनसमधल्या सगळ्या नावांची यादी करा. आज ग्राह्य असलेली नावंही आणि बाद झालेली नावंही. कोळ्यांसाठी जागतिक कोळी सूची आहे, समुद्री जीवांसाठी वर्म्स, वनस्पतींच्या नावांसाठी आयपीएनआय आणि लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचायला मिळतात. पूर्वी यासाठी ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागत.

किती मागे जायचं? प्राण्यांच्या नावांची सुरुवात १ जानेवारी १७५८ पासून धरतात, म्हणजे दोन शब्दांच्या नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरे'च्या दहाव्या आवृत्तीपासून. वनस्पतींची १ मे १७५३ पासून, त्याच्याच 'स्पेसीज प्लांटारम'पासून. कोळ्यांना मात्र नियमांत खास जागा आहे. कार्ल क्लर्क यांचं स्वीडिश कोळ्यांवरचं पुस्तक १७५७ मध्ये छापलं गेलं, तरी ते १ जानेवारी १७५८ लाच प्रसिद्ध झालं असं मानतात आणि त्यातल्या नावांना लिनियसच्या नावांपेक्षा अग्रक्रम देतात. एवढं काळजीपूर्वक काम केलेल्या माणसाची नावं केवळ तारखेपायी बाद होऊ नयेत, अशी ही तरतूद आहे. मला ती फार न्याय्य वाटते.

मग प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचा. जुनी वर्णनं लॅटिन, जर्मन, फ्रेंचमध्ये असतात आणि कधी कधी इतकी त्रोटक असतात की ती दहा प्रजातींना लागू पडतील. अशा वेळी एकच इलाज असतो, तो म्हणजे टाइप नमुना पाहणं. ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचं टांगलेलं आहे, तो कुठल्या संग्रहालयात आहे ते शोधा. जाता येत नसेल तर तिथल्या संग्राहकाला पत्र लिहून नेमके कोणते फोटो हवेत ते सांगा. नुसतं "फोटो पाठवा" म्हणू नका. "डाव्या पॅल्पचा खालून आणि बाहेरच्या बाजूने, एपिजाइनचा खालून" असं लिहिलं की उपयोगाचे फोटो येतात (पॅल्प आणि एपिजाइन हे कोळ्याच्या नराचे आणि मादीचे प्रजननाचे अवयव, त्यांच्याबद्दल पुढे सांगते). वनस्पतींच्या कितीतरी टाइप-कागदांची मोठ्या आकाराची चित्रं आता थेट पाहता येतात.

संग्रहालयात गेलात तर टाइप पाहून परत फिरू नका. अनोळखी म्हणून बाजूला ठेवलेले डबेही उघडायची परवानगी मागा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नमुना गोळा होण्यापासून त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. म्हणजे पुढच्या कित्येक नव्या प्रजाती आत्ता कपाटांतच आहेत. ओलिंग्विटो हा दक्षिण अमेरिकेतल्या ढगाळ जंगलातला झाडांवर राहणारा मांसभक्षक गणातला प्राणी क्रिस्टोफर हेल्गेन यांना आधी संग्रहालयाच्या खणांतल्या कातड्यांत आणि कवट्यांत दिसला. कवटी लहान, दात वेगळे, केस दाट. मग ते त्याला शोधायला डोंगरात गेले आणि २०१३ मध्ये बासारिसिऑन नेब्लिना हे नाव छापलं गेलं. त्याच्या कितीतरी आधी याच प्रजातीची एक मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ओलिंगो (त्याच जीनसमधला प्राणी) समजून पाळलेली होती, आणि इतर ओलिंगोंशी तिची जोडी जमत नव्हती. व्हिक्टोरिया बोलिव्हियाना या अजस्र कमळाचे नमुने क्यूच्या हर्बेरियममध्ये १७७ वर्षं होते. सगळे ते दुसऱ्या प्रजातीचेच समजत. २०२२ मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं.

फरक कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा

रंग आणि आकारमान यांच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. अंड्यांच्या एकाच पिशवीतून निघालेले कोळीसुद्धा खाण्याच्या कमी-जास्तीमुळे लहानमोठे होतात. नर आणि मादी इतके वेगळे असतात की त्यांना दोन प्रजाती समजण्याची चूक मोठमोठ्यांनी केली. खुद्द लिनियसने मॅलार्ड बदकाच्या नराला आणि मादीला दोन वेगळी नावं दिली. त्यातलं मादीचं नाव, अनास प्लॅटिऱ्हिंकॉस, आज टिकून आहे. युरोपातल्या अनोडोंटा सिग्निया या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा आकार पाण्याप्रमाणे बदलतो. त्याला वेगवेगळ्या लोकांनी पाचशेहून जास्त नावं दिली होती. ती सगळी आज एकाच प्रजातीची सिनॉनिम, म्हणजे एकाच जिवाला पडलेली जादा नावं, आहेत.

कोळ्यांत आम्ही प्रजननाच्या अवयवांवर भर देतो. नराच्या तोंडाजवळच्या पॅल्पची रचना आणि मादीच्या पोटाखालचं एपिजाइन, हे एका प्रजातीत बऱ्यापैकी स्थिर असतात आणि जवळच्या प्रजातींत ठळकपणे वेगळे. एपिजाइन हलकेच सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात किंवा पाचक विकरात ठेवलं की मऊ ऊती विरघळतात आणि आतल्या नळ्यांची वळणं दिसू लागतात. चित्र काढताना डावा पॅल्प काढण्याचा प्रघात आहे, म्हणजे जगातल्या सगळ्या चित्रांशी थेट तुलना होते. डावा तुटला असेल आणि उजवा काढलात तर तसं स्पष्ट लिहा. तुमच्या गटात अशी भरवशाची लक्षणं कोणती मानतात ते त्या गटाच्या अलीकडच्या चांगल्या निबंधांतून शिका. मुंग्यांत एक, बेडकांत दुसरी, गवतांत तिसरी.

लक्षण सापडलं की ते सगळ्या नमुन्यांत तपासा. पाच नमुन्यांत पॅल्पवरचा काटा टोकाशी दुभंगलेला आहे आणि जवळच्या प्रजातीच्या चाळीस नमुन्यांत एकातही नाही, तर ते बोलण्यासारखं आहे. काहींत दुभंगलेला, काहींत अर्धवट, काहींत अखंड, असं दिसलं तर तुमच्या हातात बहुधा एकाच प्रजातीतला फरक आहे. प्रदेशाच्या दोन टोकांचेच नमुने पाहिले तर फरक फार मोठा भासतो. मधल्या भागातले नमुने पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

डीएनए मदतीला आहे, पण न्यायाधीश म्हणून त्याला बसवू नका. प्राण्यांत सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा बारकोड म्हणून वापरतात. वनस्पतींत तो उपयोगी पडत नाही, तिथे आरबीसीएल आणि मॅटके ही जनुकं. बारकोडने डोळ्यांना न दिसणारे फरक दाखवले आहेत, यात शंका नाही. कोस्टा रिकातलं अ‍ॅस्ट्रॅप्टिस फुल्गेरेटर हे एकच समजलं जाणारं फुलपाखरू २००४ मध्ये दहा प्रजातींचं असल्याचा निष्कर्ष निघाला. पण तिथे बारकोड एकटा नव्हता. सुरवंटांचे रंग वेगळे होते आणि ते वेगवेगळ्या झाडांवर वाढत होते. नुसत्या टक्केवारीवर प्रजाती पाडू नका, कारण सगळीकडे चालेल अशी टक्केवारीच नाही. वोल्बॅकियासारखे जिवाणू पेशीत असले की मायटोकाँड्रियाचा डीएनए एका प्रजातीतून दुसरीत पसरतो आणि भलतंच चित्र दिसतं. वनस्पतींत संकर आणि गुणसूत्रांच्या संचांची दुप्पट-चौपट यांमुळे गुंता आणखी वाढतो. दोन-तीन वेगळ्या वाटांनी गेलात आणि उत्तर एकच आलं, की पाऊल भक्कम पडतं. सुमात्रातला तापानुली ओरांगउटान २०१७ मध्ये वेगळी प्रजाती ठरला तो कवटी व दात, जनुकं आणि नरांच्या लांब हाका या तिन्हींच्या आधारावर.

नाव आणि वर्णन

नावाचे नियम प्राण्यांसाठी एका संहितेत आहेत, वनस्पती, शैवाल आणि बुरशींसाठी दुसऱ्या. नाव दोन शब्दांचं, लॅटिन लिपीत. जीनस पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी ते पाहून विशेषणाचा शेवट जुळवा. एका पुरुषाच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी 'आय', स्त्रीच्या सन्मानार्थ असेल तर 'एई'. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देऊ नये हा नियम नाही, पण संकेत आहे आणि तो पाळावा. मला ठिकाणावरून किंवा लक्षणावरून दिलेली नावं आवडतात. माणसाचं नाव द्यायचंच असेल तर ज्याने तो जीव पहिल्यांदा दाखवला त्याचं द्या.

नवा जीनस करत असाल तर ते नाव आधी कुणी वापरलं नाही ना, हे दहादा बघा. जॉर्ज क्युव्हिए यांनी १७९७ मध्ये काटेरी मुंगीखाऊला एकिडना हे जीनसनाव दिलं, पण ते १७८८ मध्येच एका ईल माशाला दिलेलं होतं. म्हणून आज त्या प्राण्याचा जीनस टॅकिग्लॉसस आहे. प्राणी आणि वनस्पती यांच्यात मात्र नाव एकच असलेलं चालतं. पिएरिस फुलपाखरूही आहे आणि झुडूपही. नाजा नाजासारखं जोडनाव प्राण्यांत चालतं, वनस्पतींत चालत नाही.

निबंधात एक नमुना होलोटाइप, म्हणजे नाव ज्यावर टांगलेलं राहील तो टाइप, म्हणून ठरवा, त्याचा संग्रहालयातला क्रमांक द्या आणि तो कुठे ठेवला आहे ते लिहा. २००० सालापासून प्राण्यांच्या संहितेत टाइप ठरवणं आणि तो कुठे ठेवला ते लिहिणं सक्तीचं आहे, आणि नाव नवं आहे हेही उघडपणे सांगावं लागतं. क्रमांक निबंध पाठवण्याआधीच मिळवा. बाकी तपासलेले नमुने पॅराटाइप म्हणून, शक्यतो दोन संस्थांत वाटून.

वर्णन लांबलचक असतं. त्यापेक्षा निदान, म्हणजे डायग्नोसिस, जास्त महत्त्वाचं. "ही प्रजाती अमक्याच्या सगळ्यात जवळची आहे, पण नराच्या पॅल्पवरचा काटा टोकाशी दुभंगलेला असतो, तिच्यात तो अखंड असतो" अशी थेट वाक्यं. नावागणिक तुलना हवी आणि प्रत्येक तुलनेला चित्र हवं. वनस्पतींत पूर्वी लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतात. प्राण्यांच्या निबंधाला भाषेचं बंधन नाही.

नुसत्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात प्राण्याचं नाव छापत असाल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी करा आणि तो क्रमांक निबंधातच द्या. क्रमांक राहिला तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. वर्तमानपत्राला, व्याख्यानात, समाजमाध्यमांवर निबंध येण्याआधी नाव सांगू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव पुढे सगळ्यांनाच त्रास देतं.

ठिकाण किती उघड करायचं, हा प्रश्न फार गंभीरपणे घ्या. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या गोनियुरोसॉरस लुई या चिनी पालीच्या मूळ ठिकाणी विक्रीसाठी पकडणारे इतके पोचले की तिथून ती नाहीशी झाली. रोटी बेटावरच्या लांबमान्या कासवाचं, केलोडिना मॅकॉर्डीचं, १९९४ मध्ये वर्णन झालं आणि पाळीव प्राण्यांच्या बाजाराने त्याला विनाशाच्या कडेला नेलं. त्याच पालीच्या जीनसमधल्या दोन नव्या प्रजातींचं वर्णन २०१५ मध्ये आलं तेव्हा लेखकांनी अचूक ठिकाण मुद्दाम छापलं नाही. ऑर्किड, निवडुंग, टॅरंटुला, पाली, कासवं, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचं छापील ठिकाण जिल्ह्यापर्यंतच ठेवा. अचूक अक्षांश-रेखांश संग्रहालयात आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात द्या, म्हणजे खऱ्या संशोधकाला ते मागून मिळतील.

निबंध आल्यावर त्याची प्रत परवाना देणाऱ्यांना आणि जागा दाखवणाऱ्या माणसांना पाठवा. डीएनएचे क्रम जेनबँकेत आणि नमुन्यांच्या नोंदी जीबीआयएफमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या जागतिक साठ्यांत, जाऊ द्या. पुढे कुणी तुमचं नाव सिनॉनिम ठरवलं तर चिडू नका. त्यांनी वापरलेले नमुने बघा आणि पटलं तर मान्य करा.

आणि निबंध पाठवण्याआधी एक काम मनावर घ्या. त्या जीनसची 'की' (ओळखसूची) नव्याने लिहा, म्हणजे "काटा दुभंगलेला? क्रमांक ४ वर जा, अखंड? क्रमांक ७ वर जा" अशा जोड्याजोड्यांची यादी, जिच्या शेवटी प्रजातीचं नाव येतं. नवी प्रजाती जुन्या कीमध्ये बसत नाही, त्यामुळे की न बदलता नुसती प्रजाती छापली तर पुढच्या माणसाला तुमचा कोळी जुन्याच नावाखाली सापडेल. की लिहून झाली की त्या गटाची ओळख नसलेल्या कुणाला तरी पाच नमुने आणि भिंग देऊन ती चालवून पाहायला सांगा. जिथे तो अडेल ती जोडी पुन्हा लिहा.